सर विल्यम क्रुक्स : प्रयोगशाळा आणि परलोक

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• सर विल्यम क्रुक्स यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय होईल.
• एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी परलोकविद्येचे परीक्षण कसे केले, हे सांगता येईल.
• प्रामाणिक साक्ष आणि विश्वसनीय पुरावा यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• चरित्रनायकाच्या जीवनातील विसंगती चरित्रकाराने कशी हाताळावी, याचा विचार करता येईल.

५.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण आतापर्यंत प्रामुख्याने अशा व्यक्तींची चरित्रे वाचली की, ज्यांच्या जीवनाची दिशा आरंभापासून अखेरपर्यंत एकच होती. समाजसुधारक, संत किंवा देशभक्त यांच्या चरित्रात घटना बदलतात. पण त्या घटनांमागील सूत्र सहसा बदलत नाही. प्रस्तुत घटकात मात्र आपण अशा एका शास्त्रज्ञाचे चरित्र पाहणार आहोत, ज्याच्या जीवनात एक न सुटलेली गाठ आहे. एका नव्या मूलद्रव्याचा शोध लावणारा, निर्वात नलिकेतील किरणांचा अभ्यास करून पुढील पिढीसाठी आधुनिक भौतिकशास्त्राची वाट मोकळी करणारा हा मनुष्य मृतात्म्यांच्या दर्शनावरही विश्वास ठेवत होता. या दोन गोष्टी एकाच मनात कशा नांदल्या, हा या चरित्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्लँचेट हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. ज्या चळवळीतून हे साधन जगभर पसरले, तिचा उगम १८४८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात झाला असे मानले जाते. तेथील फॉक्स कुटुंबातील दोन लहान बहिणींच्या सान्निध्यात घरात ठोके ऐकू येऊ लागले आणि त्या ठोक्यांच्या संख्येवरून मृतात्म्याशी संभाषण होते, असा बोलबाला झाला. चार-पाच वर्षांतच ही लाट इंग्लंडला पोहोचली. दिवाणखान्यात टेबलाभोवती हातात हात गुंफून मंडळी बसू लागली, टेबले हलू लागली आणि मृतांशी बोलणे करून देणारी माध्यमे प्रसिद्धीस आली. या चळवळीला आपण परलोकविद्या असे म्हणू. तिच्याकडे हसून दुर्लक्ष करावे की तिची शास्त्रीय तपासणी करावी, असा पेच तत्कालीन विद्वानांपुढे उभा राहिला. ज्यांनी तपासणीचा मार्ग पत्करला, त्यांत क्रुक्स यांचे नाव अग्रभागी आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ बालपण आणि शिक्षण

विल्यम क्रुक्स यांचा जन्म १७ जून १८३२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जोसेफ क्रुक्स शिंप्याचा व्यवसाय करीत आणि त्यात त्यांनी चांगली संपत्ती मिळवली होती. कुटुंब मोठे होते. घरात विद्येची परंपरा नसली, तरी मुलाच्या जिज्ञासेला लागेल तेवढा पैसा होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. कारण क्रुक्स यांनी आयुष्यातील बहुतेक संशोधन कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाने केलेले नाही. ते त्यांनी आपल्या राहत्या घरातील प्रयोगशाळेत केले.

१८४८ साली, म्हणजे हाइड्सव्हिलचे ठोके गाजू लागले त्याच वर्षी, सोळा वर्षांच्या विल्यमने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत प्रवेश घेतला. ऑगस्ट विल्हेल्म होफमान हे नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञ तेथे अध्यापन करीत होते. त्यांच्या हाताखाली क्रुक्स साहाय्यक झाले. १८५४ मध्ये त्यांना ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेतील हवामान विभागात काम मिळाले आणि पुढच्याच वर्षी चेस्टर येथे रसायनशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८५६ साली एलेन हम्फ्री यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर ते लंडनला परतले आणि तेथेच कायमचे स्थायिक झाले.

निश्चित पगाराची नोकरी नसल्याने त्यांनी लेखन, संपादन आणि व्यावसायिक सल्ला यांवर संसार चालवला. १८५९ मध्ये त्यांनी केमिकल न्यूज हे साप्ताहिक सुरू केले आणि ते दीर्घकाळ सांभाळले. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी मुलांसाठी दिलेली मेणबत्तीविषयीची व्याख्याने पुस्तकरूपाने संपादित करण्याचे कामही त्यांनी केले. फॅरडे यांचे नाव या चरित्रात पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून हा संबंध लक्षात ठेवावा.

५.३.२ हिरवी रेषा

होफमान यांच्याकडे असताना क्रुक्स यांना जर्मनीतील गंधकाम्लाच्या कारखान्यातून आलेला काही गाळ अभ्यासासाठी मिळाला होता. उपयोगी भाग काढून घेतल्यावर उरलेला अवशेष त्यांनी टाकून दिला नाही. सुमारे दहा वर्षांनी, १८६१ साली, त्यांनी तो ज्योतीत धरून वर्णपटदर्शकातून पाहिला. त्यांना टेल्युरियम या मूलद्रव्याच्या खुणा सापडतील अशी अपेक्षा होती. त्याऐवजी एक झगझगीत हिरवी रेषा क्षणभर चमकून गेली. तोपर्यंत माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याची अशी रेषा नव्हती. कोवळ्या हिरव्या अंकुरासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून क्रुक्स यांनी या नव्या मूलद्रव्याचे नाव थॅलियम असे ठेवले.

१८६२ मध्ये फ्रान्सच्या क्लोद-ओग्युस्त लामी यांनी हा धातू अधिक मोठ्या प्रमाणात वेगळा केला आणि शोधाच्या श्रेयावरून वाद निर्माण झाला. तरीही १८६३ साली क्रुक्स यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

या शोधाचा क्रुक्स यांच्या मनावर झालेला परिणाम समजून घेतला पाहिजे. सर्वांच्या नजरेतून सुटलेली एक क्षीण खूण आपण पाहिली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि ती खरी ठरली, हा अनुभव त्यांनी तारुण्यातच घेतला. डोळ्यांना दिसलेली गोष्ट प्रचलित ज्ञानात बसत नाही म्हणून नाकारू नये, हा धडा त्यांच्या मनात खोल रुजला. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे मोठेपण या धड्यात आहे आणि पुढे त्यांची झालेली फसगतही याच धड्यातून उद्भवली.

५.३.३ टेबलाखालील रुळ

क्रुक्स यांच्यापूर्वी या विषयाचे सर्वांत गाजलेले परीक्षण फॅरडे यांनी केले होते. १८५३ साली टेबल फिरवण्याच्या छंदाने इंग्लंडला वेड लावले असताना त्यांनी एक साधे साधन तयार केले. पुठ्ठ्यांच्या थरांमध्ये लहान रुळ ठेवले आणि ते टेबल व बैठकीतील मंडळींचे हात यांच्यामध्ये बसवले. टेबल आपोआप हलत असेल, तर ते आधी सरकले पाहिजे आणि हात मागे राहिले पाहिजेत. प्रत्यक्षात हात आधी सरकत होते. बसलेली माणसे फसवत नव्हती. आपण टेबल ढकलतो आहोत हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हते. हाताची हालचाल दाखवणारा काटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला, की टेबल जागचे हलेनासे होई.

फॅरडे यांच्या प्रयोगाचे मर्म असे की, त्यांनी चमत्काराचा पाठलाग न करता चमत्कार पाहणाऱ्या माणसाचे परीक्षण केले. मात्र या निष्कर्षाने प्रश्न मिटला नाही. टेबलाला हात न लावताही वस्तू हलतात, असे सांगणारे साक्षीदार वाढत गेले. १८६९ साली लंडनच्या डायलेक्टिकल सोसायटीने या विषयाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचे सहसंशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्यासारखा थोर निसर्गशास्त्रज्ञही परलोकविद्येचा पुरस्कर्ता झाला होता. म्हणजे हा प्रश्न केवळ भाबड्या लोकांचा राहिला नव्हता.

५.३.४ भावाचा मृत्यू

१८६७ साली क्रुक्स यांच्या जीवनात एक आघात झाला. त्यांचा धाकटा भाऊ फिलिप समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याच्या मोहिमेवर गेला होता. क्यूबाच्या परिसरात त्याला पीतज्वर झाला आणि ऐन तारुण्यात त्याचा अंत झाला. या भावावर क्रुक्स यांचा विशेष जीव होता. त्यानंतरच्या काळात तारायंत्राचे अभियंते क्रॉमवेल व्हार्ली यांच्या प्रोत्साहनाने ते माध्यमांच्या बैठकांना जाऊ लागले. व्हार्ली स्वतः परलोकविद्या मानणारे होते.

चरित्रकाराने येथे थांबून विचार करावा. क्रुक्स यांची सर्व चौकशी भावाच्या शोकातून जन्मली असे म्हणणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. त्यांच्या लेखनात शोकाचा आवाज क्वचितच ऐकू येतो. तेथे वजने, मापे, तारा आणि काटे यांचीच भाषा आहे. तथापि, ज्या दारावर ते प्रयोगाची उपकरणे घेऊन उभे होते, त्या दारापलीकडे आपला भाऊ असावा ही आशा त्यांना अजिबात शिवली नसेल, असेही म्हणता येत नाही. शोकाने त्यांचे डोळे मिटले नाहीत. कोणीकडे पाहायचे, हे मात्र बहुधा त्यानेच ठरवले.

जुलै १८७० मध्ये त्यांनी आपण या विषयाची शास्त्रीय चौकशी करणार असल्याचे एका लेखात जाहीर केले. माध्यमांच्या दाव्यांकडे शास्त्रज्ञाने कसे पाहावे, अचूक मोजमाप का आवश्यक आहे, हे त्यात त्यांनी मांडले. आता एक खरा शास्त्रज्ञ या भोंदूगिरीचा निकाल लावील, या कल्पनेने अनेकांनी त्यांचे स्वागत केले.

५.३.५ फळी, काटा आणि पिंजरा

डॅनियल डंग्लस होम हा त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध माध्यम होता. युरोपातील राजघराण्यांत त्याने बैठका केल्या होत्या. १८६८ साली एका श्रीमंत विधवेने त्याच्यावर खटला भरला होता आणि तिच्याकडून मिळालेली मोठी रक्कम परत करण्याचा आदेश न्यायालयाने त्याला दिला होता. तरीही इतर माध्यमांप्रमाणे तो केवळ अंधारात बसत नसे. दिव्याच्या उजेडातही त्याच्या बैठका होत. क्रुक्स यांना तो परीक्षणासाठी योग्य वाटला, तो यामुळेच.

१८७१ साली क्रुक्स यांच्या घरी झालेल्या प्रयोगांत दोन उपकरणे मुख्य होती. पहिले म्हणजे सुमारे तीन फूट लांबीची महोगनी लाकडाची फळी. तिचे एक टोक टेबलावर टेकलेले असे आणि दुसरे टोक स्प्रिंगच्या काट्याला टांगलेले असे. होमने टेबलावरील टोकाला केवळ बोटांनी स्पर्श केला असता काट्यावरील भार वाढतो, असे दिसून आले. टेकूवर असलेल्या टोकाला दाब दिला तरी दुसऱ्या टोकाचा भार एवढा वाढणे शक्य नाही, असा क्रुक्स यांचा युक्तिवाद होता. आक्षेप आल्यावर त्यांनी उपकरण सुधारले. फळीवर पाण्याचे भांडे ठेवून होमचा हात केवळ पाण्यात बुडेल, अशी व्यवस्था केली.

दुसरे उपकरण म्हणजे विद्युत्‌रोधक वेष्टनाची तांब्याची तार गुंडाळलेला एक पिंजरा. तो जेवणाच्या टेबलाखाली ठेवला जाई. क्रुक्स यांनी स्वतः विकत आणलेले नवे अकॉर्डियन होमने पिंजऱ्यात एका हाताने, पट्ट्यांच्या विरुद्ध बाजूने धरले. तरी ते वाजले, असे उपस्थितांनी नोंदवले. या प्रसंगी खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स आणि विधिज्ञ एडवर्ड कॉक्स हजर होते. हगिन्स यांनी आपण काय पाहिले ते सांगितले, पण त्याच्या कारणाविषयी मत देण्याचे कटाक्षाने टाळले. हा संयम अभ्यासकाने लक्षात घ्यावा.

क्रुक्स यांनीही या टप्प्यावर मृतात्म्यांचे नाव घेतले नाही. मानवी शरीराशी संबंधित अशी एक नवी शक्ती अस्तित्वात असावी, एवढाच त्यांचा दावा होता. त्यांनी आपले निबंध रॉयल सोसायटीकडे पाठवले. सोसायटीचे सचिव जॉर्ज स्टोक्स यांनी उपकरणांविषयी शंका उपस्थित केल्या आणि निबंध स्वीकारले गेले नाहीत. तेव्हा क्रुक्स यांनी ते आपण संपादन करीत असलेल्या त्रैमासिकात प्रसिद्ध केले. लगेच वादळ उठले. शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी एका निनावी लेखात त्यांच्यावर कठोर टीका केली. त्या लेखात नकळत होणाऱ्या स्नायूंच्या हालचालींचा मुद्दा होता. पण त्याबरोबर क्रुक्स यांच्या विद्वत्तेवर आणि शिक्षणावरही घाव होते. वैयक्तिक निंदा मिसळल्यामुळे टीकेतील खरा मुद्दा झाकोळला गेला आणि क्रुक्स अधिकच हट्टाला पेटले. वादाचा असा शेवट आपल्याला मराठी नियतकालिकांच्या इतिहासातही अनेकदा आढळतो.

५.३.६ पडद्यामागील मुलगी

यानंतरचा प्रसंग क्रुक्स यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. लंडनच्या हॅकनी भागातील फ्लॉरेन्स कुक ही मुलगी सतरा-अठरा वर्षांची होती. तिला पडद्यामागे बांधून ठेवले जाई. काही वेळाने शुभ्र वस्त्रातील एक स्त्री बाहेर येई आणि आपले नाव केटी किंग असल्याचे सांगे. डिसेंबर १८७३ मध्ये विल्यम व्होल्कमन या गृहस्थाने बैठकीत या आकृतीला घट्ट पकडले. ती फ्लॉरेन्सच आहे, असे त्याचे म्हणणे होते. झटापट झाली, दिवे मंद करण्यात आले आणि आकृती निसटली.

या आरोपानंतर क्रुक्स फ्लॉरेन्सच्या बाजूने उभे राहिले. १८७४ च्या पूर्वार्धात त्यांनी तिच्या अनेक बैठका घेतल्या, त्यांतील काही स्वतःच्या घरी. व्हार्ली यांनी तिच्या शरीरातून क्षीण विद्युत्प्रवाह सोडून ती जागेवरून उठते का, हे गॅल्व्हनोमीटरवर पाहण्याची युक्ती योजली होती. क्रुक्स यांनी विजेच्या प्रकाशात केटीची छायाचित्रे घेतली. त्यांची संख्या चाळिसाहून अधिक होती. केटी फ्लॉरेन्सपेक्षा उंच आहे, तिचे कान टोचलेले नाहीत, फ्लॉरेन्सच्या मानेवर असलेला व्रण केटीच्या मानेवर नाही, असे फरक त्यांनी नोंदवले. दोघींना आपण एकाच वेळी पाहिले, असेही त्यांनी लिहिले. मे १८७४ मध्ये केटीने सर्वांचा निरोप घेतला आणि ती पुन्हा दिसली नाही. त्याच वर्षी क्रुक्स यांनी आपले या विषयावरील लेख पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

होमच्या प्रयोगांतील काटेकोरपणा येथे सैल झालेला दिसतो. फळीचा भार काटा दाखवत होता. केटीचे वेगळेपण मात्र मुख्यतः क्रुक्स यांच्या शब्दावर अवलंबून होते. बैठकीच्या अटी बऱ्याच अंशी माध्यमाच्या सोयीने ठरत होत्या. तटस्थ निरीक्षकांचे स्थान परलोकविद्येवर आधीच श्रद्धा असलेल्या मंडळींनी घेतले होते. १८८० साली दुसऱ्या एका बैठकीत सर जॉर्ज सिटवेल यांनी फ्लॉरेन्सच्या आत्म्याला पकडले, तेव्हा हाती आली ती स्वतः फ्लॉरेन्स. पुढे विसाव्या शतकात काही लेखकांनी क्रुक्स आणि फ्लॉरेन्स यांच्यात प्रेमसंबंध होते आणि ते या फसवणुकीत सामील होते, असाही तर्क मांडला. त्याला निर्णायक आधार नाही. एखाद्याच्या चुकीचे स्पष्टीकरण सापडत नाही म्हणून त्याच्या चारित्र्यावर डाग लावणे चरित्रकाराला शोभत नाही. तसेच नायकाच्या कीर्तीसाठी चूक झाकणेही शोभत नाही.

१८७५ मध्ये क्रुक्स यांनी अमेरिकन माध्यम ॲना इव्हा फे हिचीही गॅल्व्हनोमीटरने परीक्षा घेतली आणि ती तिने यशस्वीपणे पार पाडली. जवळजवळ अर्धशतकाने, वृद्धापकाळात, तिने आपण क्रुक्स यांना कसे फसवले ते जादूगार हुडिनी यांना सांगितले, असे हुडिनी यांनी लिहून ठेवले आहे. त्यानंतर क्रुक्स यांनी माध्यमांवरील प्रयोग जवळपास थांबवले.

५.३.७ फिरणारी चक्की

याच वर्षांत क्रुक्स यांच्या प्रयोगशाळेत दुसरे एक नाट्य घडत होते. थॅलियमचा अणुभार अचूक ठरवण्यासाठी ते निर्वात पात्रात वजने करीत होते. पदार्थ उष्ण असला, की तराजू किंचित वेगळे वजन दाखवी. या क्षुल्लक भासणाऱ्या फरकाचा पाठपुरावा करताना त्यांनी १८७५ साली रेडिओमीटर तयार केला. त्याला आपण प्रकाशचक्की म्हणू. काचेच्या जवळजवळ निर्वात गोळ्यात एका सुईच्या टोकावर चार हलकी पाती तोललेली असतात. प्रत्येक पात्याची एक बाजू काळी आणि दुसरी चकचकीत असते. उजेड पडताच पाती फिरू लागतात. चार्ल्स गिमिंगहॅम या कुशल साहाय्यकाने त्यांच्यासाठी काचेची अशी नाजूक उपकरणे घडवली.

प्रकाशाच्या प्रत्यक्ष दाबाने पाती फिरतात, असे क्रुक्स यांना प्रथम वाटले. ते चूक होते. प्रकाशाच्या दाबाने फिरली असती, तर पाती नेमकी उलट दिशेला गेली असती. गोळ्यात उरलेल्या अत्यल्प वायूमुळे ही गती येते, हे इतर शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून उघड झाले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल आणि ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७९ च्या सुमारास तिची सविस्तर मीमांसा केली. या संशोधनात क्रुक्स यांना सर्वाधिक मार्गदर्शन कोणी केले असेल, तर ते त्याच जॉर्ज स्टोक्स यांनी. क्रुक्स यांनी आपली समजूत बदलली आणि त्यातून विरळ वायूंचा अभ्यास पुढे गेला.

आता दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. निरीक्षक तोच, त्याची चिकाटी तीच, आणि पहिले स्पष्टीकरण दोन्हीकडे चुकलेलेच. मग एका ठिकाणी चूक दुरुस्त झाली आणि दुसरीकडे का झाली नाही? प्रकाशचक्की कोणीही बनवू शकत होता. ती बर्लिनमध्ये फिरे तशीच मँचेस्टरमध्ये फिरे. तिला निरीक्षकाची श्रद्धा लागत नव्हती आणि अविश्वासू माणूस खोलीत आला म्हणून ती थांबत नव्हती. केटी किंग मात्र ठरावीक खोलीत, ठरावीक माणसांपुढे, ठरावीक उजेडात दिसे आणि निरोप घेतल्यावर कायमची नाहीशी होई. पहिल्या ठिकाणी क्रुक्स चुकले तेव्हा सांगणारे अनेक होते. दुसऱ्या ठिकाणी ते एकटे होते.

५.३.८ कीर्ती आणि उत्तरायुष्य

विरळ वायूंतून विद्युत्प्रवाह सोडण्याच्या प्रयोगांनी क्रुक्स यांना जागतिक कीर्ती दिली. १८७९ मध्ये शेफील्ड येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी ऋणाग्रातून निघणाऱ्या किरणांचे दर्शन घडवले. नलिकेत ठेवलेल्या धातूच्या क्रुसाची स्पष्ट सावली पलीकडच्या काचेवर पडे. हे किरण म्हणजे द्रव्याची चौथी अवस्था, असे त्यांनी मानले. १८९५ मध्ये व्हिल्हेल्म राँटगेन यांना अशाच प्रकारच्या नलिकेवर काम करताना क्ष-किरण सापडले आणि १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी या किरणांतील कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सिद्ध केले.

परलोकविद्येच्या परीक्षणालाही आता संस्थेचे रूप आले होते. १८८२ साली लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली आणि केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक तिचे पहिले अध्यक्ष झाले. या संस्थेचा भारताशीही संबंध आला. १८७९ पासून मुंबईत आणि पुढे मद्रासजवळील अड्यारला वास्तव्य केलेल्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या चमत्कारांची चौकशी करण्यासाठी संस्थेने १८८४ साली रिचर्ड हॉजसन यांना भारतात पाठवले. ते चमत्कार बनावट असल्याचा अहवाल १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८८ साली तर फॉक्स भगिनींपैकी मार्गारेट हिने ते मूळचे ठोके आपण पायाच्या सांध्यांनी काढत होतो, अशी जाहीर कबुली दिली. पुढे ती तिने मागे घेतली.

क्रुक्स या संस्थेचे १८९६ ते १८९९ या काळात अध्यक्ष होते. १८९७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८९८ साली ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्यांनी केलेले भाषण दोन कारणांनी स्मरणात आहे. वाढत्या लोकसंख्येला गहू पुरणार नाही, म्हणून हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्याचा मार्ग रसायनशास्त्रज्ञांनी शोधावा, असे आवाहन त्यांनी केले. पुढील पंधरा वर्षांतच जर्मनीत तसा कारखाना उभा राहिला. याच भाषणात त्यांनी आपल्या जुन्या परलोकविषयक संशोधनाचा उल्लेख केला आणि त्यातील काहीही मागे घेण्याची आपली तयारी नसल्याचे सांगितले. सारे विज्ञानजगत समोर बसले असताना, मौन सोयीचे असताना, त्यांनी हे सांगितले. मत चुकीचे असले, तरी ते सांगण्याचे धैर्य खरे होते.

१९१० साली त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला आणि १९१३ ते १९१५ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. ज्या संस्थेने त्यांचे निबंध परत केले होते, तिच्याच सर्वोच्च आसनावर ते बसले. १९१६ मध्ये साठ वर्षांच्या सहजीवनानंतर पत्नी एलेन यांचे निधन झाले. काही काळाने विल्यम होप या छायाचित्रकाराने वृद्ध क्रुक्स यांच्या छायाचित्रात त्यांच्या पत्नीचा अस्पष्ट चेहरा उमटवून दिला आणि त्यांनी तो खरा मानला. काचेवर दोनदा प्रकाश पाडून असे चेहरे उमटवता येतात, ही गोष्ट छायाचित्रणात मुरलेल्या या शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हती असे नाही. १९२२ मध्ये, क्रुक्स यांच्या मृत्यूनंतर, खुणा केलेल्या काचा वापरून होपची लबाडी उघडकीस आणली गेली. ४ एप्रिल १९१९ रोजी लंडन येथे वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी क्रुक्स यांचा अंत झाला.

५.३.९ चरित्राचे मूल्यमापन

क्रुक्स खोटे बोलले, असे मानायला सबळ आधार नाही. ते मूर्ख होते, असे तर कोणीच म्हणणार नाही. तरीही ते फसले, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र बोधप्रद आहे. निसर्ग गुंतागुंतीचा असतो, पण तो मुद्दाम फसवत नाही. आयुष्यभर निसर्गाशी व्यवहार केलेल्या माणसाला, फसवण्याचा निश्चय करून समोर बसलेल्या माणसाची परीक्षा कशी घ्यावी, हे ठाऊक नव्हते. त्या कामी रसायनशास्त्रज्ञापेक्षा जादूगार अधिक उपयोगी पडला असता. आपल्या डोळ्यांवरील विश्वासाने त्यांना थॅलियम दिले आणि त्याच विश्वासाने त्यांना केटी किंग दाखवली.

क्रुक्स यांचे काही चरित्रकार परलोकविद्येचे प्रकरण दोन ओळींत उरकतात; काही लेखक तेवढेच प्रकरण फुगवून सांगतात. दोन्ही पद्धतींत मनुष्य हरवतो. पत्नीचा पुसट चेहरा असलेली काच हातात धरून बसलेला म्हातारा आणि ज्योतीतील हिरवी रेषा प्रथम पाहणारा तरुण हे एकच आहेत, हे वाचकाला जाणवून देणे, ही या विषयावरील चरित्रलेखनाची खरी कसोटी होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. थॅलियम हे नाव कोणत्या अर्थाच्या शब्दावरून आले?
२. होमवरील प्रयोगाच्या वेळी कोणते खगोलशास्त्रज्ञ उपस्थित होते?
३. सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च कोणत्या वर्षी स्थापन झाली?

(आ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. फॅरडे यांच्या मते टेबल फिरवणारे सर्व लोक जाणूनबुजून फसवत होते.
२. १८७१ मध्ये क्रुक्स यांनी मृतात्म्यांचे अस्तित्व सिद्ध झाल्याचा दावा केला.

५.४ सारांश

विल्यम क्रुक्स (१८३२–१९१९) यांनी थॅलियमचा शोध, प्रकाशचक्की आणि ऋणाग्र किरणांचा अभ्यास यांद्वारे विज्ञानात मोलाची भर घातली. १८७० ते १८७५ या काळात त्यांनी होम, फ्लॉरेन्स कुक आणि ॲना इव्हा फे या माध्यमांचे परीक्षण केले. आरंभी त्यांची पद्धती मोजमापावर आधारलेली होती. पुढे ती वैयक्तिक साक्षीवर विसंबू लागली. प्रकाशचक्कीविषयीची त्यांची चूक इतरांच्या प्रयोगांनी दुरुस्त झाली, तशी संधी बैठकांतील अनुभवांना मिळाली नाही. कीर्तीच्या शिखरावरही त्यांनी आपले मत लपवले नाही. साक्षीदाराचा प्रामाणिकपणा आणि पुराव्याची विश्वसनीयता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या चरित्रातून स्पष्ट होते.

५.५ पारिभाषिक शब्द

परलोकविद्या : मृतात्म्यांशी संपर्क साधता येतो असे मानणारी विचारप्रणाली व तिचे आचार.
माध्यम : ज्याच्याद्वारे मृतात्मे बोलतात किंवा प्रकट होतात असे मानले जाते, ती व्यक्ती.
वर्णपटदर्शक : प्रकाशातील रंगरेषा वेगळ्या करून दाखवणारे उपकरण.
गॅल्व्हनोमीटर : क्षीण विद्युत्प्रवाह दाखवणारे उपकरण.
ऋणाग्र : विद्युत्‌नलिकेतील ऋण टोक, कॅथोड.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. फॅरडे आणि क्रुक्स यांच्या परीक्षणपद्धतींची तुलना करा.
२. प्रकाशचक्की आणि केटी किंग या दोन प्रकरणांतून पुराव्याविषयी कोणता विचार पुढे येतो, ते सविस्तर लिहा.
३. चरित्रनायकाच्या चुका सांगताना चरित्रकाराने कोणती पथ्ये पाळावीत? प्रस्तुत घटकाच्या आधारे चर्चा करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीने सांगितलेला अद्भुत अनुभव ऐका. त्यातील प्रत्यक्ष पाहिलेला भाग आणि लावलेला अर्थ वेगळा करून सुमारे ३०० शब्दांत नोंद तयार करा. सांगणाऱ्याचा उपहास होणार नाही, याची काळजी घ्या.